‘१०० मिली’च्या स्टिकरखाली लपलेले १२० : प्रवासी बाटल्यांच्या संचातील फसवणूक

शाम्पू, तेल, फेसवॉश भरून विमानातून नेण्यासाठी रिकाम्या लहान बाटल्यांचे संच ऑनलाइन दुकानांत दोनशे ते पाचशे रुपयांना सर्रास मिळतात. रक्कम किरकोळ असल्यामुळे फसवले गेलेले बहुतेक ग्राहक चार शिव्या हासडून विषय सोडून देतात, आणि काही विक्रेत्यांचा सगळा धंदा याच भरवशावर चालतो. मी घेतलेला संच ३४९ रुपयांचा होता. त्याच्यापायी गेलेला ऐवज त्याच्या कितीतरी पट किमतीचा होता. परदेशी जाणाऱ्या, विशेषतः मुलांकडे राहायला निघालेल्या आईवडिलांसाठी अशी खरेदी करणाऱ्यांनी हा प्रकार नीट समजून घ्यावा, म्हणून तपशिलाने लिहीत आहे.

आधी नियमाविषयी, कारण फसवणूक नेमकी त्याच्याच आडोशाने होते. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटिश पोलिसांनी अटलांटिकवरून जाणारी प्रवासी विमाने द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आणला. थंड पेयाच्या बाटल्यांतून ती स्फोटके विमानात नेण्याचा बेत होता. त्यानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपात १०० मिलीची मर्यादा आली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. भारतातून सुटणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमानांतही हातातील सामानात द्रव, जेल, क्रीम किंवा स्प्रे न्यायचा असेल तर प्रत्येक बाटली १०० मिलीपर्यंतची हवी आणि अशा सर्व बाटल्या एक लिटरच्या, बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. यात मोजली जाते ती बाटलीची क्षमता, आतला माल नव्हे. दोनशे मिलीच्या बाटलीत तळाशी चमचाभर शाम्पू उरला असला, तरी ती बाटली पुढे जात नाही. त्यामुळे बाटलीवर छापलेल्या आकड्याला विमानतळावर महत्त्व येते, आणि तोच आकडा खोटा असेल तर ग्राहकाला ते अगदी शेवटच्या क्षणी, तपासणीच्या टेबलावरच कळते.

मी मागवलेल्या संचात दाबून वापरायच्या चार मऊ बाटल्या, क्रीमच्या दोन डब्या, एक लहान स्प्रे, भरण्यासाठी नरसाळे आणि चेन असलेली पारदर्शक पिशवी अशा वस्तू होत्या. विक्रीच्या पानावर ‘फूड ग्रेड सिलिकॉन’, ‘१०० मिली’, ‘लीकप्रूफ’ आणि ‘टीएसए अप्रूव्हड’ ही चार आश्वासने ठळक अक्षरांत होती. त्यांपैकी शेवटचे तर मुळातच निरर्थक आहे. टीएसए ही अमेरिकेतील वाहतूक सुरक्षा यंत्रणा. ती द्रवपदार्थांची मर्यादा ठरवते, पण कोणत्याही कंपनीच्या बाटलीला मंजुरी देत नाही. मंजुरीच अस्तित्वात नसताना ती मिळाल्याचे जो विक्रेता छापतो, त्याच्या उरलेल्या तीन आश्वासनांचे मोल काय धरायचे, हे वेगळे सांगायला नको.

जर्मनीला निघण्याच्या जवळपास महिनाभर आधी पार्सल घरी आले. बाटल्या दिसायला देखण्या होत्या, रंग छान होते, आणि प्रत्येकीच्या तळाशी ‘१०० मिली’ असे छापलेले गोल स्टिकर होते. खोक्यात एक चकचकीत कार्डही होते : पाच तारे द्या, स्क्रीनशॉट या व्हॉट्सॲप क्रमांकावर पाठवा आणि ५० रुपये मिळवा. माल परत करण्याची मुदत सात दिवसांची होती. या धंद्याची खरी मेख इथेच आहे. अशा बाटल्या कोणी आज घेऊन उद्या वापरत नाही. त्या प्रवासाच्या तयारीत आधी घेतल्या जातात आणि कपाटात पडून राहतात. प्रवासाचा दिवस उजाडेपर्यंत परतीची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. अभिप्रायही याच काळात लिहिले जातात, म्हणजे बाटलीत थेंबभर द्रव जाण्याच्या आधीच. मी नंतर ते सगळे बारकाईने वाचले, तेव्हा ‘रंग सुंदर’, ‘पॅकिंग छान’, ‘डिलिव्हरी वेळेवर’ यांपलीकडे त्यांत काही नव्हते. प्रवास करून आल्यावर लिहिलेला अभिप्राय शोधूनही सापडेना. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे खालच्या जुन्या अभिप्रायांपैकी एकात ‘पोळ्या रात्रीपर्यंत मऊ राहतात’ असे लिहिलेले होते. त्या पानावर पूर्वी गरम अन्नाचा डबा विकला जात होता. डबा काढून तिथे बाटल्या लावल्या गेल्या आणि डब्याने कमावलेले तारे बाटल्यांच्या नावावर जमा झाले. अशा रीतीने जुन्या पानावर नवा माल चढवण्याची युक्ती आता बरीच बोकाळली आहे.

विमानतळावर सुरक्षा तपासणीत माझा ट्रे बाजूला काढला गेला. अधिकाऱ्यांनी पिशवी उघडली, एक बाटली उलटी केली आणि तळ दिव्याकडे तिरपा धरला. आतल्या खोबरेल तेलाचा ओशटपणा झिरपून स्टिकरची कड सुटली होती. त्यांनी ती नखाने जरा वर उचलली, तर खाली प्लास्टिकमध्येच उठावदार अक्षरांत, साच्यातून आलेले, ‘१२०’ होते. “मॅडम, कागदावर शंभर आहे, बाटलीवर एकशे वीस आहे. हे मला सोडता येणार नाही,” ते शांतपणे म्हणाले. उरलेल्या तिन्ही बाटल्यांचे तळही त्यांनी माझ्यासमोरच पाहिले, आणि प्रत्येक स्टिकरखाली तोच आकडा निघाला. मोठी बॅग आधीच चेक-इन होऊन गेली होती. परत काउंटरवर जाण्याइतका वेळ नव्हता. शाम्पू, तेल, फेसवॉश आणि त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेले लोशन, असा सगळा ऐवज कचरापेटीत गेला. यातले लोशन सर्वांत महाग होते. औषधाला मर्यादेतून सवलत मिळू शकते, परंतु त्यासाठी ते मूळ बाटलीत, लेबलासह आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असावे लागते. बिनलेबलाच्या बाटलीतल्या पांढऱ्या द्रवाला कोणी औषध मानत नाही आणि मानूही नये.

एक गोष्ट मात्र उपयोगी पडली. मर्यादा द्रवाला आहे, रिकाम्या बाटलीला नाही. त्यामुळे आतला माल टाकून देऊन रिकाम्या बाटल्या बरोबर नेण्याची परवानगी मी मागितली आणि ती मिळाली. पुढे तक्रारीत पुरावा म्हणून याच बाटल्या कामी आल्या.

संचातील क्रीमच्या डब्या आणि स्प्रे तपासणीतून सुटले होते. त्यांनी ‘लीकप्रूफ’ या शब्दाची परीक्षा विमानात दिली. प्रवासी विमानाच्या आत हवेचा दाब समुद्रसपाटीइतका ठेवला जात नाही. तो साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका, म्हणजे कळसूबाईच्या शिखरावर असतो त्याहूनही कमी असतो. त्यामुळे, घाट चढताना वेफर्सचे पुडे फुगतात तशी, बाटलीत कोंडलेली हवा फुगते आणि पुढ्यातील द्रव झाकणाकडे ढकलते. झाकणात रबराची किंवा सिलिकॉनची चकती असेल तर हा दाब अडतो. माझ्या डब्यांच्या झाकणांत चकतीसाठी खाच होती, चकती नव्हती. सनस्क्रीन पिशवीभर झाले, आणि पिशवीची चेनही यथातथाच असल्यामुळे त्याचा काही भाग पासपोर्टच्या वेष्टनापर्यंत पोहोचला.

घरी परतल्यावर बाटल्या तपासल्या, तेव्हा उरलेले आश्वासनही गळून पडले. सिलिकॉन मऊ असते, पण तेलामुळे चिकट होत नाही. माझी तेलाची बाटली आठवड्याभरात बाहेरून चिकट आणि आतून कडक होत गेली होती, आणि तिला पावसाळी रेनकोटसारखा वास येत होता. ही लक्षणे मऊ पीव्हीसी प्लास्टिकची. त्याला लवचिक करण्यासाठी मिसळलेली द्रव्ये तेलाच्या सहवासात बाहेर पडतात आणि तेलात उतरतात. म्हणजे जे खोबरेल मी डोक्याला लावणार होते, ते कशात मुरत पडले होते, हा प्रश्न उरतोच. खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता, ग्राहक सेवेचा तपशील यांपैकी काहीही नव्हते. होती ती फक्त १,४९९ रुपयांची कमाल किंमत, आणि ती खोडून दाखवलेली ३४९ ची ‘सवलत’. आवेष्टित मालावर आयातदाराचे नाव आणि पत्ता छापणे २०११ च्या वैधमापन (वजने-मापे) नियमांनुसार बंधनकारक आहे. खोका हातात आल्यावर पहिल्याच मिनिटात पाहण्याजोगी खूण कोणती, तर ती हीच.

तक्रार केल्यावर विक्रेत्याचे पहिले उत्तर अपेक्षेप्रमाणेच आले : परतीची मुदत संपली आहे. दुसरे उत्तर अधिक बोलके होते. मी एका ताऱ्याचा अभिप्राय छायाचित्रांसह टाकताच त्याच व्हॉट्सॲप क्रमांकावरून निरोप आला, की अभिप्राय काढून टाकल्यास दोनशे रुपये परत मिळतील. मी नकार दिला आणि तो निरोप जपून ठेवला. मुदत संपल्याचे कारण कायद्यापुढे टिकत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. ग्राहक संरक्षणाच्या २०२० मधील ई-कॉमर्स नियमांनुसार, वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. त्याच नियमांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तिचे निवारण करायचे असते. सामान्य ग्राहक सेवेच्या चॅटवर कितीही वेळ घालवला, तरी हा अधिकारी आपणहून भेटत नाही. त्याचे नाव आणि ईमेल संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते आणि ते शोधूनच काढावे लागते. मी त्या पत्त्यावर स्टिकर अर्धे सोललेल्या बाटलीचे छायाचित्र, विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपचा निरोप पाठवला, आणि त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. चॅटवर जे कित्येक दिवस हलत नव्हते, ते यानंतर हलले आणि संचाची पूर्ण किंमत खात्यात जमा झाली. आतल्या मालाच्या नुकसानीबद्दल मात्र संकेतस्थळाने हात वर केले. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. लोशनचे बिल शोधून मी ती कागदपत्रे जुळवत आहे.

ज्यांनी असा संच आधीच घेऊन ठेवला आहे, त्यांनी तो परतीची मुदत चालू असतानाच खोक्यातून बाहेर काढावा. तळाचे प्रत्येक स्टिकर सोलून पाहावे. प्रामाणिक बाटलीवर आकडा साच्यातच उमटलेला असतो, त्याला कागदाची गरज नसते. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर रिकामी बाटली ठेवून काटा शून्यावर आणावा आणि पाणी भरावे. एक मिलिलिटर पाण्याचे वजन जवळपास एक ग्रॅम भरते. काठोकाठ भरलेल्या कोणत्याही बाटलीत सांगितलेल्या मापाहून थोडे अधिक मावते, तेवढे गृहीत धरावे. माझ्या बाटलीत मात्र १३१ ग्रॅम पाणी मावले. त्यानंतर तीच भरलेली बाटली झाकण लावून रात्रभर कागदावर उलटी ठेवावी, आणि सकाळी मुठीत धरून जोराने दाबावी. प्रवासाच्या दिवशी मऊ बाटली पूर्ण न भरता, दाबून आतली हवा काढून मग झाकण लावले, तर फुगणाऱ्या हवेला जागा राहते. नेलपॉलिश रिमूव्हर असल्या बाटल्यांत भरूच नये. त्यातील ॲसिटोन काही प्लास्टिके अक्षरशः विरघळवते. काही परदेशी विमानतळांवर नवी स्कॅनर यंत्रे आल्यामुळे मर्यादा सैल झाली आहे, हे खरे. परंतु परतीच्या वाटेवर विमान बदलताना जुनाच नियम आडवा येऊ शकतो, म्हणून १०० च्या आतच राहिलेले बरे.

पुढच्या प्रवासासाठी मी पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळीत जाऊन ‘शंभर एमएल, फ्लिप टॉप’ एवढेच सांगितले. दुकानदाराने पोत्यातून काढून दिलेल्या साध्या पांढऱ्या बाटल्यांच्या तळाशी त्रिकोणात २ हा आकडा, म्हणजे एचडीपीई हे प्लास्टिक, आणि शेजारी १०० असे साच्यातच उमटलेले होते. त्या दिसायला औषधाच्या बाटल्यांसारख्या आहेत आणि कोणीही त्यांचे फोटो काढणार नाही. शिवाय त्या माझ्यासमोर पाणी भरून, उलट्या करून तपासता आल्या.

ज्या विक्रेत्याकडून मी संच घेतला, त्याचे पान आता दिसत नाही. तीच छायाचित्रे मात्र दुसऱ्याच ब्रँडच्या नावाखाली ३६९ रुपयांना पाहायला मिळतात, आणि त्या पानावरचे सर्वांत जुने अभिप्राय मोबाइलच्या चार्जरविषयी आहेत.