दिसायला जुळी, वागायला सावत्र: .22 ची दोन काडतुसं, नऊ महिन्यांनंतर

बालेवाडीच्या रेंजवर गेले नऊ महिने मी दोन मेकची .22 लाँग रायफल काडतुसं आलटूनपालटून वापरतोय. नावं मुद्दाम देत नाही, का ते पुढे कळेल. डब्यांवर मार्करने 'अ' आणि 'ब' लिहून ठेवलंय. दोन्ही मॅच ग्रेड, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेली, दोन्हींची गोळी 40 ग्रेनची म्हणजे 2.6 ग्रॅम, वेग सेकंदाला 325 मीटरच्या आसपास. 'ब'ला पैसे मात्र जवळपास दुप्पट.

डबीवर सारखं, हातात घेतलं की वेगळं. 'अ'चं नाक गोल आणि गोळीवर मेणासारख्या वंगणाचा जाड थर. एप्रिलमध्ये डबी अर्धा तास गाडीत राहिली की बोटं चिकट. खाली पडलेलं काडतूस तर तिळात घोळवलेल्या लाडवासारखं वर यायचं. ते सरळ बाजूला ठेवायचं, पुसून भरायचा मोह नको. 'ब'चं नाक चपटं, वंगण पातळ. वंगण लागतंच, कारण गोळीवर तांब्याचं कवच नाही, उघडं शिसं बॅरलमधून जातं. आणि गोळी पुंगळीइतकीच, म्हणजे दारू भरलेल्या पितळी नळकांड्याइतकीच, जाड असल्यामुळे फक्त तिची मागची बारीक टाच आत बसते, बाकी सगळी उघडी. 1887 पासून रचना हीच.

आमचे मामा विचारतात, "एवढी कटकट करतोस, त्यापेक्षा मॅग्नमच का नाही घेत?" मामांच्या लेखी मॅग्नम म्हणजे त्याच काडतुसात चमचाभर जास्त दारू. तसं नाही. .22 मॅग्नम 1959 चं. त्याची पुंगळी लांब, आणि गोळी अख्खी पुंगळीच्या आत बसते म्हणून पुंगळी जाडही. लाँग रायफल त्या चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, शिरते, पण सैल बसते आणि फुटू शकते. शिवाय आमच्या स्पर्धेला चालतं ते लाँग रायफलच. मॅच काडतूस मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात, वाटेत तो वेग ओलांडताना गोळी डगमगू नये म्हणून.

मोठ्या मॅग्नमांची गंमत आणखी निराळी. काडतूस चेंबरमध्ये किती आत जाऊन थांबायचं, हे .22 मध्ये बुडाची कड ठरवते. 1912 च्या .375 हॉलंड अँड हॉलंडला खांदा, म्हणजे पुंगळी पुढे जिथे निमुळती होते तो भाग, इतका उतरता होता की त्याच कामासाठी बुडाशी पट्टा द्यावा लागला. 1963 च्या .300 विंचेस्टर मॅग्नमला 25 अंशांचा चांगला खांदा आहे, तरी पट्टा आडनावासारखा पुढे आलाच. 2018 च्या .300 पीआरसीने तो काढून टाकला.

तर आमची कड. दारू पेटवणारा मसाला तिच्याच घडीत भरलेला असतो, म्हणून ती जाड-बारीक झाली की पिनचा ठोका बदलतो. एका रविवारी व्हर्नियर घेऊन दोन्हींची पन्नास-पन्नास काडतुसं मोजली, जाडीप्रमाणे वाट्यांत टाकली. आई म्हणाली, "त्या वाट्या आता तुलाच." बरोबरच होतं, शिसं लागलेलं. 'ब' जवळजवळ एकाच वाटीत मावलं, 'अ'ला तीन लागल्या.

टेकूवरून 50 मीटरवर दहा-दहाचे पाच ग्रुप घेतले, म्हणजे दहा गोळ्यांची भोकं किती पसरतात ते मोजलं. 'अ' सरासरी 18 मिलिमीटर, 'ब' 14. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, त्यामुळे हा फरक गुणांत दिसतो. एका मेकवरून दुसऱ्यावर गेलं की पहिले दहा-पंधरा राऊंड मात्र धरू नका. बॅरलमध्ये जुनं वंगण असतं, शॉट कुठेही जातात. हे कळेपर्यंत मी महिनाभर 'ब'ला शिव्या घातल्या.

डिसेंबरच्या थंड सकाळी दोन्हींचे शॉट लक्ष्यावर खाली लागले, 'अ'चे थोडे जास्त.

मग फेब्रुवारीत 'ब'चा नवा लॉट, म्हणजे कारखान्यातली नवी खेप, घेतला. तीच डबी, तेवढेच पैसे. ग्रुप उभा पसरला, 23 मिलिमीटर! प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारताना, एका शॉटला 8.9 गुण पाहून सर म्हणाले, "श्वास धर नीट." टेकूवर लावून दाखवलं तेव्हा गप्प झाले. दुसऱ्याच्या रायफलमध्ये हाच लॉट छान चालला, म्हणून नाव घेण्यात अर्थ नाही.

सध्या रोजच्या सरावाला 'अ'. 'ब'च्या जुन्या लॉटच्या चार डब्या स्पर्धेसाठी राखून कपाटात कुलूपबंद आहेत, आणि लॉट नंबर दाराच्या आतल्या बाजूला लिहिलाय.