बनावट रोखणारी दीप्तिमान शाई: कार्बन डॉट, क्वांटम डॉट की लॅन्थनाइड?

नेहमीच्या वापरातला पांढरा छपाईचा कागद अंधारात ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरला, तर काहीही छापलेले नसताना तो स्वतःच निळसर उजळतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली ऑप्टिकल ब्राइटनर द्रव्ये अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. अशा कागदावर निळी दीप्ती देणाऱ्या शाईने छापलेली खूण पार्श्वभूमीत विरून जाते, आणि शाईने अतिनील प्रकाश बराच शोषला असेल तर उलट काळपट डागासारखी दिसते. त्यामुळे शाईची निवड करताना ती किती चमकते हे विचारण्याआधी ती कोणत्या कागदावर उतरणार आहे आणि कोण, कोणत्या साधनाने तपासणार आहे, हे निश्चित करावे.

कार्बन डॉट, म्हणजे प्रकाश देणारे कार्बनचे नॅनोकण, हा सर्वांत सोपा पर्याय आहे. सायट्रिक आम्ल आणि युरिया यांसारख्या साध्या रसायनांपासून ते तयार होतात, पाण्यात सहज मिसळतात आणि त्यांत कॅडमियम किंवा शिसे नसते. अडचणी मात्र दोन आहेत. द्रावणात लखलखणारे हे कण शाई सुकून एकमेकांना चिकटले की त्यांची दीप्ती बरीच मंदावते, म्हणून त्यांना स्टार्च, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल किंवा सिलिका यांसारख्या माध्यमात एकमेकांपासून दूर ठेवावे लागते. दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते: जे तुम्हाला सहज बनवता येते, ते बनावट करणाऱ्यालाही येते. शिवाय त्यांच्या दीप्तीचा पट्टा (म्हणजे तिच्यातल्या तरंगलांबींचा पसारा) रुंद असल्याने स्वस्त फ्लुओरेसंट रंगाने तिची नक्कल डोळ्यांना फसवण्याइतकी सहज जमते.

क्वांटम डॉट, म्हणजे अर्धवाहक पदार्थाचे नॅनोस्फटिक, यांत रंगावरची पकड पक्की असते. एकाच पदार्थाचा कण लहान असेल तर दीप्ती निळ्याकडे आणि मोठा असेल तर तांबड्याकडे सरकते. या कणांच्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी मौंगी बावेंडी, लुईस ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पट्टा अरुंद असल्यामुळे एकाच दिव्याखाली तीन-चार रंग वेगळे ओळखता येतात. मात्र कॅडमियम सेलेनाइडचे कण वापरायचे झाल्यास विषारीपणाचा आणि नियमांचा प्रश्न येतोच; युरोपीय संघात विद्युत उपकरणांच्या एकजिनसी घटकात कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्के आहे, आणि उपकरणावर कायम राहणाऱ्या लेबलाचा विचारही त्याच हिशेबात करावा लागतो. इंडियम फॉस्फाइड हा कॅडमियमविरहित पर्याय आहे, पण त्यालाही झिंक सल्फाइडसारखे कवच लागते. पेरोव्स्काइट या विशिष्ट स्फटिकरचनेचे नॅनोस्फटिक याहून चमकदार असले तरी ओलाव्याने बिघडतात आणि बहुतेकांत शिसे असते. हाताळल्या जाणाऱ्या कागदासाठी मी त्यांचा विचार करणार नाही.

लॅन्थनाइडांचे, म्हणजे युरोपियम, अर्बियम यांसारख्या दुर्मिळ मृदा धातूंच्या शाईचे, दोन प्रकार वेगळे ठेवून पाहावेत. पहिल्या प्रकारात अतिनील प्रकाशातून दृश्य प्रकाश मिळतो. युरोपियमची तांबडी रेषा ६१५ नॅनोमीटरच्या आसपास येते आणि ब्राइटनरच्या निळ्यापासून दूर असल्याने सहज उठून दिसते. युरोच्या नोटांतील तांबड्या दीप्तीमागे युरोपियम असल्याचा निष्कर्ष नेदरलँड्समधील उट्रेख्तच्या संशोधकांनी २००२ मध्ये केवळ वर्णपटावरून काढला होता. म्हणजे मूलद्रव्य गुप्त ठेवून फारसे साधत नाही. ते कोणत्या स्फटिकात आहे आणि त्याची दीप्ती विझायला किती वेळ लागतो, यांची नक्कल अधिक अवघड असते.

दुसरा प्रकार अपकन्व्हर्जनचा, म्हणजे कमी ऊर्जेच्या अदृश्य अवरक्त प्रकाशातून जास्त ऊर्जेचा दृश्य प्रकाश मिळवण्याचा. इटर्बियम आणि अर्बियम मिसळलेल्या सोडियम यिट्रियम फ्लोराइडच्या कणांवर ९८० नॅनोमीटरचा लेझर टाकला, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या किरणाखाली छापील रेघेवर हिरवा ठिपका उमटतो, आणि लेझर सरकवला की तोही रेघेवरून सरकतो. अर्बियमऐवजी थुलियम घातल्यास निळा प्रकाश मिळतो. कागदातील ब्राइटनर या किरणाला प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे पार्श्वभूमी जवळपास काळीच राहते. किंमत मोजावी लागते ती कार्यक्षमतेत: छोट्या नॅनोकणांत ती बहुधा एक टक्क्याच्याही खाली असते, म्हणून एकवटलेला लेझर लागतो आणि अदृश्य किरणांपासून तपासणाऱ्याच्या डोळ्यांचे रक्षण करावे लागते.

छपाईयंत्राचा विचार शेवटी आला तरी निर्णय अनेकदा त्यावरच फिरतो. इंकजेटमध्ये कणांचा पुंजका नोझलच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहून मोठा नसावा, असा ढोबळ नियम आहे. पुंजके वाढले की नोझल तुंबते, आणि सुकताना कण थेंबाच्या कडेला जमले तर कॉफीच्या डागासारखी कडा उमटते. स्क्रीन प्रिंटिंगला मोठे कण आणि दाट शाई दोन्ही चालतात, थरही जाड पडतो. कमी कार्यक्षम अपकन्व्हर्जन शाईला ते अधिक मानवते.

खरेदीदाराने स्वतः साध्या अतिनील टॉर्चने पाहायचे असेल, तर मी युरोपियमची शाई निवडेन. प्रशिक्षित निरीक्षकाच्या हाती लेझर असेल, तर अपकन्व्हर्जन. आणि वर्णपट वाचणारे यंत्र असेल, तर लॅमिनेटखाली संरक्षित ठेवलेले क्वांटम डॉट. कार्बन डॉट ब्राइटनरविरहित कागदावर, आणि तेही दुसऱ्या एखाद्या खुणेच्या जोडीला वापरावेत. मोठी मागणी नोंदवण्यापूर्वी नेमक्या त्याच कागदावर छापलेले नमुने काही आठवडे उन्हात आणि दमटपणात ठेवून, त्याच दिव्याखाली न ठेवलेल्या नमुन्यांशेजारी पाहावेत.