टी-८ की टी-५: घरातल्या रोपांसाठी कोणती ट्यूब?

ऊन न येणाऱ्या खोलीतही आफ्रिकन व्हायोलेट आणि मिरची-टोमॅटोची रोपं फ्लुरोसंट ट्यूबखाली उत्तम वाढतात. प्रश्न उरतो तो जाड ट्यूब घ्यावी की बारीक, एवढाच.

टी-८ म्हणजे २६ मिलिमीटर जाडीची, चार फुटी, ३६ वॅटची, एलईडीच्या आधीची आपली नेहमीची ट्यूब. एका ट्रेपुरती रोपं करायची असतील तर घरातली ट्यूबची जुनी पट्टी पुरे, नवा खर्च नको.

टी-५ जेमतेम १६ मिलिमीटरची, २८ वॅटची. तिला इलेक्ट्रॉनिक चोकच लागतो. एकटीचा उजेड टी-८पेक्षा थोडा कमी, पण अरुंद फळीखाली दोन-तीन ट्यूब शेजारी-शेजारी सहज बसतात. शिवाय टी-८ साधारण २५ अंश सेल्सिअस तापमानाला सर्वाधिक उजेड देते, तर टी-५ ३५ अंशांना. आपल्या उन्हाळ्यात हा फरक मोलाचा. व्हायोलेटची मांडणी कायमची करायची असेल तर मी टी-५च घेईन.

कोणतीही घ्या, ६५०० केल्विनची, म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड देणारी घ्या. कोवळ्या रोपांपासून ट्यूब पाच-दहा सेंटिमीटरवरच हवी. उंच टांगली की रोपं उजेडाच्या ओढीनं लांबट, लेचीपेची होतात. व्हायोलेटला मात्र वीसेक सेंटिमीटर अंतर ठेवा.