नाताळच्या केकवर मसाल्याचं फ्रॉस्टिंग: बटरक्रीम, क्रीम चीज, व्हिप क्रीम की दूध-मैद्याचं?

आधी केक कोणता ते ठरवा. रममध्ये मुरलेल्या सुक्या मेव्याच्या प्लम केकवर असं फ्रॉस्टिंग चढवू नका. त्याच्या आतच इतकं काही असतं की वरून लोणी-साखर नकोशी होते. मसाल्याचं फ्रॉस्टिंग शोभतं ते गाजराच्या, खजूर-अक्रोडाच्या, आल्याच्या केकवर, नाहीतर साध्या व्हॅनिला कपकेकवर.

फ्रॉस्टिंग निवडताना आपण गोडी, खर्च आणि पायपिंग (पिशवीतून दाबून नक्षी काढणं) बघतो. मसाला घालायचा असेल तर मी सगळ्यांत आधी एकच बघते: यात मसाल्याला ऊब मिळणार आहे का? दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ यांचा गंध त्यांच्या तेलांत असतो आणि ती तेलं कोमट, स्निग्ध पदार्थात चांगली उतरतात. गार लोण्यात कोरडी पूड ढवळली तर ती जिभेवर कचकच लागते आणि चव मागे पडते.

साधं बटरक्रीम सगळ्यांत सोपं. २०० ग्रॅम बिनमिठाचं बटर, ४०० ग्रॅम आयसिंग शुगर, चमचाभर दूध, की झालं. फुलं, पानं, कडा, सगळं यातून नीट उमटतं. पण बटरच्या दुप्पट साखर म्हणजे मुळातच फार गोड, आणि साखर कमी केली तर ते सैल पडतं. मसाल्यासाठी यातलं दोन मोठे चमचे बटर मंद आचेवर वितळवून त्यात दीड छोटा चमचा मसाल्याची पूड मिनिटभर परतावी, पूर्ण गार करावी आणि मग उरलेल्या बटरमध्ये फेटावी. एवढ्यानेच चवीत मोठा फरक पडतो. घरात रोज पोळीला लावायचं खारं बटर मात्र इथे चालत नाही.

क्रीम चीजचं फ्रॉस्टिंग आंबूस असतं आणि तीच त्याची खरी ताकद. दालचिनी, सुंठ आणि जायफळ त्या आंबटपणात खुलतात. वेलची मला त्यात कधीच आवडली नाही. गाजराच्या केकवर हेच हवं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांनी फार विचार न करता हेच करावं, कारण तिथे क्रीम चीजची घट्ट वडी कुठल्याही दुकानात मिळते. इथे बहुतेक ठिकाणी डब्यातलं पसरायचं चीज मिळतं. ते मऊ असतं आणि साखर पडली की पाणी सोडतं. म्हणून आधी १०० ग्रॅम बटर आणि १५० ग्रॅम आयसिंग शुगर हलकं होईपर्यंत फेटावं, फ्रिजमधलं गार २०० ग्रॅम चीज शेवटी घालावं आणि एकजीव होताच थांबावं. जास्त फेटलं की पातळ झालंच.

क्रीम चीजऐवजी चक्का वापरावा का? चवीला हो. रात्रभर वजन ठेवून निथळलेला चक्का, केशर आणि जायफळ केकवर अप्रतिम लागतात. पण तो फक्त सुरीने पसरण्यापुरता. त्यातून पायपिंग होत नाही, आणि केक त्याच दिवशी संपायला हवा.

व्हिप क्रीमबद्दल थोडक्यात. बेकऱ्यांमध्ये चालणारं वनस्पती तेलाचं क्रीम मुंबईच्या ३० अंशांतही बऱ्यापैकी टिकतं, पण ते आधीच गोड असतं आणि मसाल्याला त्यात आधार मिळत नाही. दुधाचं, ३५ टक्के स्निग्धांशाचं व्हिपिंग क्रीम असेल तर ते मसाल्यांसह गरम करून, गाळून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून फेटता येतं. चव सुरेख येते, पण उकाड्यात ते पटकन बसतं. छोट्या खोक्यातलं २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीम मात्र नीट फुलत नाही.

आता माझी निवड: शिजवलेल्या दूध-मैद्याचं फ्रॉस्टिंग. आपल्याकडे फार कमी लोक ते करतात याचं मला वाईट वाटतं, कारण मसाल्याच्या दुधाचं तंत्र आपल्या हाताला कोजागिरीपासून ठाऊक आहे. ३०० मिली दुधात सहा-सात ठेचलेल्या वेलच्या, दालचिनीचा दोन इंची तुकडा आणि दोनच लवंगा घालून उकळी येऊ द्यावी, गॅस बंद करून अर्धा तास झाकून ठेवावं आणि गाळून २५० मिली मोजून घ्यावं. दालचिनी अख्खीच हवी. तिची पूड दुधात चिकट होते. आल्याची चव हवी असेल तर सुंठ घ्या, ओल्या आल्याने दूध फाटू शकतं. या दुधात ४० ग्रॅम मैदा आणि २०० ग्रॅम साधी साखर गुठळी न ठेवता मिसळून सतत ढवळत शिजवावं. चमच्याने रेघ ओढल्यावर पातेल्याचा तळ क्षणभर दिसला की उतरवावं. साय धरू नये म्हणून पृष्ठभागाला चिकटवून प्लास्टिक लावावं आणि पूर्ण गार होऊ द्यावं. घाई इथे नडते: मिश्रण कोमट असेल तर बटर वितळतं. मग २२५ ग्रॅम मऊ बटर पाच मिनिटं फेटून त्यात हे चमचा-चमचा घालत जावं. जायफळ शेवटी, ताजं किसून. कोकणात नारळ-सुपारीच्या बागांमध्ये जायफळ होतं. तिथलं अख्खं जायफळ मिळालं तर पुडीतल्या चुऱ्याकडे बघूही नका.

जे तयार होतं ते रेशमी, बेताच्या गोडीचं असतं, आणि मसाला कणांनी नाही तर सगळीकडून लागतो. अंडं नसल्यामुळे सणाला सगळ्यांना चालतं. मोठी उणीव म्हणजे वेळ: गार होण्यासकट दोन तास तरी हाताशी हवेत. शिवाय बारीक नक्षी यात बटरक्रीमइतकी धारदार येत नाही.

म्हणून कपकेकवर फुलं काढून ऑर्डर पोचवायची असेल तर परतलेल्या मसाल्याचं बटरक्रीम घ्या. गाजराचा केक आणि हाताशी घट्ट चीज असेल तर चीज. घरच्या पंगतीला, खजुराच्या किंवा आल्याच्या केकवर, दूध-मैद्याचंच करा, आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी. लवंग रात्रभरात वर येते, त्यामुळे फेटताना ती किंचित कमी वाटली तरी वाढवू नका. फ्रिजमधून काढल्यावर फ्रॉस्टिंग दगडासारखं घट्ट असेल. तासभर बाहेर ठेवून पुन्हा फेटलं की लावायला तयार.