‘फँड्री’ की ‘ॲडोलसन्स’: नाशिकच्या पालक-शिक्षक गटाने काय दाखवावे?

नववी-दहावीतील मुलांच्या पालकांना आणि शिक्षकांना एकत्र बसवून, बिथरलेल्या मुलाच्या मनाविषयीची एखादी कलाकृती दाखवायची आणि त्यावर चर्चा घडवायची असे नाशिकमधील एखाद्या गटाने ठरवले, तर नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) आणि नेटफ्लिक्सवरील ब्रिटिश मालिका ‘ॲडोलसन्स’ (२०२५) यांतून निवड करणे वाटते तितके सोपे नाही. दोन्हींच्या केंद्रस्थानी वयात येणारा मुलगा आहे आणि त्याच्यापासून दूर असलेली मुलगी आहे. मात्र त्या मुलाच्या मनात काय चालले आहे हे विचारायला कोण येते, यावर दोन्ही वाटा वेगळ्या होतात.

‘ॲडोलसन्स’मध्ये शाळेतल्या केटी या मुलीच्या खुनाच्या आरोपाखाली पकडलेल्या तेरा वर्षांच्या जेमीला विचारणारे माणूस मिळते. तिसरा भाग जवळजवळ संपूर्णपणे एका खोलीत घडतो: मानसशास्त्रज्ञ ब्रायनी त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते, आपल्या सँडविचचा अर्धा तुकडा देते आणि वडील, आजोबा, पुरुषपण यांविषयी विचारत राहते. चारही भाग प्रत्येकी एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केलेले असल्यामुळे त्या खोलीतून प्रेक्षकालाही सुटका नसते. प्रतिनिधित्वाच्या अंगाने पाहिले, तर तपास अधिकारी बॅस्कम कृष्णवर्णीय आहे, मृत केटीची मैत्रीण जेडही कृष्णवर्णीय आहे. परंतु वर्ण हा कथेचा विषय होत नाही. वैविध्य तिथे गृहीत धरलेले आहे. जेमीचे वडील प्लंबर आहेत, त्यामुळे सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतील प्रेक्षकाला ते घर फारसे परके वाटणार नाही.

‘फँड्री’त गृहीत धरण्यासारखे काहीच नाही, कारण त्यातल्या जब्या या शाळकरी मुलाचे दुखणे म्हणजेच त्याची जात. तो कैकाडी समाजातला. चित्रपटाचे नावही त्यांच्याच भाषेतले, आणि अर्थ ‘डुक्कर’. गावातले डुक्कर पकडण्याची वेळ येते, तेव्हा वर्गातल्या मुलांच्या, विशेषतः त्याला आवडणाऱ्या शालूच्या, नजरेला पडू नये म्हणून तो भिंतीआड दडतो. ऐन पकडण्याच्या क्षणी शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. अपमान मनात कसा साचत जातो, हे या प्रसंगातून जितके कळते तितके कुठल्याही समुपदेशनाच्या संवादातून कळले नसते, असे माझे मत आहे. जब्याला कोणी ‘तुला काय होतंय?’ असे विचारत नाही. त्याचे उत्तर अखेरीस भिरकावलेल्या दगडातून येते.

मुलींच्या बाबतीत मात्र दोन्ही कलाकृती उण्या पडतात. शालूचे स्वतःचे मन आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. केटीही तशीच दूर राहते, फक्त ‘ॲडोलसन्स’ला त्याची जाणीव आहे: सर्वांना जेमी लक्षात राहील, केटी नाही, अशी खंत मिशा फ्रँक ही पोलीस अधिकारीच बोलून दाखवते. जाणीव असणे म्हणजे जागा देणे नव्हे, आणि चर्चेत हा मुद्दा कोणीतरी मुद्दाम काढायला हवा.

निवड प्रेक्षकांवर ठरवावी. मुले सोबत बसणार असतील तर ‘फँड्री’ घ्यावा: भाषा आपली, लांबी पावणेदोन तासांच्या आसपास, आणि ज्या शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तिथे जातीविषयी बोलायला प्रस्तावनेची गरज पडू नये. (पडते, हा भाग वेगळा.) केवळ पालक आणि शिक्षक असतील आणि मुलांच्या मोबाइलमधील जग हाच चिंतेचा विषय असेल, तर ‘ॲडोलसन्स’ अधिक उपयोगी ठरेल. चार तास काढणे अवघड असल्यास दुसरा आणि तिसरा भाग दाखवावा. दुसऱ्यात बॅस्कमचा मुलगा वडिलांना इमोजींचे अर्थ समजावतो, आणि ते ऐकताना सभागृहातील किती पालक आपला फोन काढून पाहतात, तिथूनच चर्चेला सुरुवात करता येईल.