तिरुवनंतपुरमचं इंडियन कॉफी हाउस : दोन कटलेट आणि खरे मालक

स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच, तंपानूर बस स्टँडजवळ, विटांचा गोल पिळदार मनोरा दिसतो. हे वास्तुविशारद लॉरी बेकर यांचं डिझाइन. आत मजले असे नाहीतच. एकच चढण गोल गोल वर जाते आणि तिच्या कडेनं टेबलं. भिंतीच्या जाळीतून वारा येतो. सोबत गुडघेदुखीवालं कोणी असेल तर खालचंच टेबल धरा. मी आईला दीड वेढा चढवला आणि बोलणी खाल्ली.

मी दोन प्लेट कटलेट सांगितली. वेटरकाका, म्हणजे पांढरा गणवेश, कमरेला रुंद पट्टा, पंख्यासारखा तुऱ्याचा फेटा, लिहिता लिहिता थांबले. "एक प्लेट में दो है. पहले खाओ, फिर बोलो." चालून आलेली ऑर्डर त्यांनी स्वतःहून निम्मी केली!

आमच्या हिंजवडीच्या कंपनीत दर तिमाहीला सगळ्यांना गोळा करून सांगतात, मालकासारखा विचार करा. मागे एकदा मी केला. म्हटलं, या क्लायंटला इतकी लायसन्स लागणार नाहीत, कशाला गळ्यात मारायची? तेव्हा कळलं, मालक व्हायचं ते रात्री साडेदहाचा कॉल घेण्यापुरतं.

इथे 'मालक' हा शब्द कागदावरही खरा आहे. पहिलं कॉफी हाउस निघालं आपल्या चर्चगेटला, 1936 साली. पुढे ही हाउसं सरकारी कॉफी बोर्डाची झाली. पन्नासच्या दशकात बोर्डानं ती बंद करायला घेतली, माणसं घरी बसू लागली. तेव्हा केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनीच सहकारी सोसायट्या काढल्या : 1957 मध्ये बंगळूरला, 1958 मध्ये त्रिशूरला. तंपानूरचं हे हाउस त्रिशूरच्या सोसायटीचं. सहकारी म्हटलं की मला साखर कारखान्याची निवडणूक आणि चेअरमनची पांढरी गाडीच आठवते, म्हणून मी जरा सावधच होते. पण हे लोक साठ वर्षांहून जास्त काळ कॉफी पाजतायत.

मसाला डोशाची भाजी बीट घातलेली, लालभडक. "डोशात कोशिंबीर भरलीय का गं?" म्हणत आईनं तिचा संपवला आणि माझ्यातलाही निम्मा नेला. कॉफी कपबशीत आली, वाफाळती. कटलेट बाहेरून खरपूस, आतून मऊ. त्यातही बीट आहेच.

सहाच्या सुमाराला काका आले. आमचं टेबल दुसऱ्या पोराला दाखवलं, फेटा काढून काखेत मारला आणि उतारावरून चालू पडले. मी विचारलं, "ड्यूटी खतम?" मागे वळून न बघता म्हणाले, "खतम."

"अगं, मला अजून कटलेट हवं होतं," आई म्हणाली. नव्या पोराला मी पुन्हा दोन प्लेट सांगितली. त्यानं एकच आणली.