जीपीएसची ‘उपग्रह नोंदणी संपली’ असे सांगून झालेली फसवणूक

मोटरसायकलवर लावायचे स्वतंत्र जीपीएस यंत्र ज्यांच्याकडे आहे, विशेषतः जुने किंवा परदेशातून आणलेले, त्यांच्यासाठी मी हा अनुभव लिहीत आहे. 15 ऑक्टोबर 2023 रोजी, घटस्थापनेच्या रविवारी, दीड तासात माझ्या खात्यातून 60,499 रुपये गेले. ज्या माणसाच्या सांगण्यावरून ते गेले, त्याने माझ्या यंत्रातला एक खराखुरा दोष पकडला होता आणि त्याचे कारण मात्र खोटे सांगितले होते. खरे कारण मला त्या संध्याकाळी माहीत असते, तर मी तो फोन तिथेच ठेवला असता.

यंत्र माझ्या मेव्हण्यांचे. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी ते घेतले होते आणि पुण्याला परतल्यावर मोटरसायकल चालवणे सोडल्यामुळे मला दिले. पुढच्या जूनमध्ये आम्हा तिघा मित्रांचे हिमाचल प्रदेशातील स्पितीला जायचे ठरत होते. मोबाइल हँडलला लावून मी बराच फिरलो आहे, पण उन्हात तो तापून बंद पडतो, पावसाचे थेंब पडले की नकाशा आपोआप सरकू लागतो आणि हातमोजे घातलेल्या बोटाला तो दाद देत नाही. मोठ्या इंजिनाच्या थरथरीने मोबाइलच्या कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असे ॲपल कंपनीनेही 2021 साली जाहीरपणे सांगितले होते. स्वतंत्र यंत्र याच परिस्थितीसाठी बनवलेले असते आणि नकाशा त्याच्या आतच साठवलेला असल्याने रेंज नसली तरी रस्ता दाखवते. दसऱ्याला गाडीची पूजा करायच्या आत ते बसवून व्हावे, अशी माझी इच्छा होती.

त्या दिवशी दुपारी मी त्याचे माउंट हँडलला बसवले, बॅटरीपासून वायर आणली आणि यंत्र सुरू केले. पाच-सात मिनिटांत त्याला उपग्रह सापडले. त्यात पश्चिम युरोपचाच नकाशा असल्यामुळे पडद्यावर पुण्याच्या जागी मोकळी जमीन दिसत होती, परंतु अक्षांश-रेखांश मोबाइलशी ताडून पाहिले तर ते अगदी बरोबर होते. तारीख मात्र 29 फेब्रुवारी 2004 अशी दिसत होती. तारीख हाताने बदलण्याची सोय त्यात नव्हती, कारण ती उपग्रहांकडूनच घेतली जाते, असे माहितीपुस्तिकेत लिहिले होते.

संध्याकाळी संगणकावर मी कंपनीचे नाव आणि ‘मॅप अपडेट’ असे शब्द टाकून शोध घेतला. सर्वांत वर आलेल्या दुव्याजवळ बारीक अक्षरांत ती जाहिरात असल्याचे लिहिले होते, पण कंपनीचे नाव आणि चिन्ह पाहून मी तो उघडला. त्या पानाने यंत्राचे मॉडेल, अनुक्रमांक आणि माझा मोबाइल क्रमांक विचारला, डाउनलोड सुरू झाल्याचे दाखवले आणि थोड्याच वेळात लाल चौकटीत ‘त्रुटी’ असा संदेश देऊन मदतीसाठी एक क्रमांक दिला. आता मला कळते की ते डाउनलोड म्हणजे नुसते सरकणारे चित्र होते. यंत्र तर तेव्हा संगणकाला जोडलेलेही नव्हते.

फोनवरचा माणूस हिंदीत, अतिशय अदबीने बोलत होता. त्याने मला पहिला प्रश्न विचारला तो असा की, यंत्रावर तारीख कोणती दिसते आहे. मी सांगितल्याबरोबर तो म्हणाला की, या यंत्राची उपग्रह नोंदणी एप्रिल 2019 मध्ये संपली आहे, ती नव्याने केल्याशिवाय भारताचा नकाशा चढणार नाही आणि काही दिवसांत यंत्राला उपग्रह दिसणेही बंद होईल. मी दोषाबद्दल काही न बोलता त्याने स्वतःच तारखेचा प्रश्न काढून तो अचूक ओळखला, या एका गोष्टीमुळे माझ्या मनातली शंका गेली.

खरे कारण असे आहे. जीपीएसचे उपग्रह जो संदेश पाठवतात त्यात आठवड्याचा क्रमांक असतो आणि मूळ रचनेत त्यासाठी 10 बिटांचीच, म्हणजे 0 किंवा 1 अशा दहा अंकांचीच, जागा आहे. त्यामुळे मोजणी 0 पासून 1023 पर्यंत जाऊन पुन्हा 0 वर येते. 6 जानेवारी 1980 पासून सुरू झालेली ही मोजणी ऑगस्ट 1999 मध्ये एकदा आणि 6 एप्रिल 2019 रोजी दुसऱ्यांदा शून्यावर आली. ज्या जुन्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये याची तरतूद नव्हती, ती तेव्हापासून बरोबर 1024 आठवडे, म्हणजे 7168 दिवस, मागची तारीख दाखवतात. 15 ऑक्टोबर 2023 मधून 7168 दिवस वजा केले की 29 फेब्रुवारी 2004 येते आणि पूर्ण आठवडेच वजा झाल्यामुळे वार रविवारच राहतो. असे असूनही माझ्या यंत्रावर स्थान बरोबर येत होते, हे मी स्वतः दुपारी ताडून पाहिले होते.

नोंदणीची गोष्ट तर मुळातच अशक्य आहे. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह संदेश पाठवतात आणि आपले यंत्र तो आकाशवाणी ऐकणाऱ्या रेडिओसारखे फक्त ऐकते. यंत्र उपग्रहाला काहीही पाठवत नाही, म्हणून कोणते यंत्र ऐकते आहे हे उपग्रहाला कळण्याचा मार्गच नाही. अमेरिकेचे सरकार ही सेवा नागरी वापरासाठी जगभर विनामूल्य देते. पैसे लागू शकतात ते नकाशांचे, उपग्रहांचे नव्हेत. एवढे एक वाक्य प्रत्येक यंत्राच्या खोक्यावर छापलेले असावे, असे मला मनापासून वाटते.

पुढचे सारे झपाट्याने झाले. त्याच्या सांगण्यावरून मी संगणकावर दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर उतरवले, म्हणजे माझा संगणक तो तिथून चालवू शकत होता. त्याने विंडोजमधील घडामोडींच्या नोंदी दाखवणारा ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून पिवळ्या आणि लाल खुणांची लांबलचक यादी दाखवली व जुन्या यंत्रामुळे संगणकातही बिघाड शिरल्याचे सांगितले. अशा नोंदी व्यवस्थित चालणाऱ्या कोणत्याही संगणकात असतात. ‘आजीवन नोंदणी आणि भारताचा नकाशा’ यासाठी त्याने 11,999 रुपये मागितले आणि ते मी कार्डाने भरले. त्यानंतर सणाची सवलत म्हणून 1,000 रुपये परत जमा करायचे आहेत, ते आले का हे पाहण्यासाठी नेटबँकिंग उघडा, असे त्याने सांगितले. मी ते उघडताच पडदा काळा झाला. अपडेट चालू आहे, मोबाइलवर येणारा अपडेट कोड वाचून दाखवा, असे तो म्हणाला आणि मी तो वाचून दाखवला. तो बँकेचा ओटीपी होता. संदेशात रक्कम लिहिलेली होती, पण माझे लक्ष सहा आकड्यांवरच होते. दुसऱ्याच मिनिटाला 48,500 रुपये गेल्याचा संदेश आला आणि फोन बंद झाला.

यानंतरची माझी चूक अधिक महागात पडली, म्हणून ती स्पष्टपणे लिहितो. मी त्या रात्री कोणालाही फोन केला नाही. रविवार आहे, सण आहे, बँक बंद आहे, उद्या पाहू, असे मी स्वतःला सांगितले; खरे तर घरच्यांसमोर तोंड उघडण्याची लाज वाटत होती. 1930 हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे आणि त्यासाठी बँक उघडण्याची वाट पाहावी लागत नाही. बँकेचा कार्ड व खाते बंद करण्याचा क्रमांकही रात्रंदिवस चालू असतो. मी सोमवारी सकाळी दहानंतर दोन्हीकडे कळवले, तोपर्यंत पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात गेले होते. शेवटच्या खात्यात शिल्लक असलेले 9,200 रुपये तेवढे गोठवले गेले आणि ते न्यायालयाच्या आदेशाने पाच महिन्यांनी परत मिळाले.

बाकीच्या रकमेसाठी बँकेने रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाकडे बोट दाखवले. ग्राहकाचा दोष नसेल आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार येत नाही; परंतु ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, असे त्यात म्हटले होते. ओटीपी मी स्वतः वाचून दाखवला होता, त्यामुळे माझ्याकडे उत्तर नव्हते. तरीही cybercrime.gov.in वर तक्रार करताना त्या पानाचा पत्ता, फोन क्रमांक, व्यवहाराचे क्रमांक आणि पडद्याची छायाचित्रे मी जोडली. संगणक इंटरनेटपासून तोडून त्यात विंडोज नव्याने घातले आणि सर्व पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलले.

भारताचा नकाशा मला अखेर फुकट मिळाला. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवरून तयार केलेले नकाशे माझ्या यंत्राला चालतात, ही माहिती आमच्यापैकी एकाने दिली आणि मेमरी कार्डावर तो नकाशा चढवायला मला अर्धा तास लागला. नकाशा ताजा आहे ना, हे पाहण्यासाठी मी मनाली ते केलांग हा मार्ग मागितला. ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झालेला अटल बोगदा त्यात होता. यंत्राचे सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यासाठी कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता मी या वेळी माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावरून स्वतः टंकित केला. इतक्या जुन्या मॉडेलसाठी तारखेची दुरुस्ती तिथे उपलब्ध नाही. त्यामुळे जून 2024 मध्ये स्पितीतील लोसर गावाच्या पुढे, मोबाइल मुके झालेले असताना, हे यंत्र आम्हाला काझाचा रस्ता बिनचूक दाखवत होते आणि पडद्याच्या कोपऱ्यात तारीख 2004 सालच्या ऑक्टोबरमधली होती.